आयत्या डिंकावर

सेडरबर्गच्या उतारावर, ओढ्याच्या वरच्या अंगाला
पुरुषभर उंचीचं एक झुडूप.
मीटा फारो त्याला माशांचं झाड म्हणते.
तिची आईही म्हणायची. त्याआधी कोण म्हणायचं
ते मिशनच्या वहीत लिहिलेलं नाही.

रॉयबॉसची कापणी असते, विळ्याची मूठ घामाने बुळबुळते,
तेव्हा परतताना ती याची एक फांदी तोडून आणते,
स्वयंपाकघराच्या चौकटीला उलटी टांगते.
संध्याकाळपर्यंत फांदी काळी होते.
थोडा वेळ आवाज येतो. मग येत नाही.

पण झाड माशी खात नाही.
डिंक आहे, पानांना दाते आहेत, भूक आहे,
पोट तेवढं नाही.
म्हणून त्याने पदरी ठेवलाय ढेकणाच्या जातीचा एक किडा,
तेल चोपडल्यासारख्या अंगाचा,
पानावरून असा हिंडतो जसे आपण फरशीवरून.
माशी तो चोखतो, आणि पानावरच विष्ठा टाकतो.
पानाला तेवढ्यावर भागवावं लागतं.

मीटाचा भाऊ अपी हे ऐकून हसला होता:
"चहासारखंच की. कापायचा आम्ही,
पोट भरायचं केपटाउनचं,
आणि खाली सांडेल ते आमचं."

आणि या घरात ती.
नखाहून लहान कोळीण.
पुढचे चार पाय खेकड्यासारखे फाकलेले,
चालही तशीच, आडवी.
कोळी म्हटलं की जाळं आलंच,
समुद्रातलं असो नाहीतर माळ्यावरचं.
हिचं नाही.
आयत्या बिळावर नागोबा, तशी ही आयत्या डिंकावर.

चिकाटी हा शब्द चिकटण्यातून आला असेल,
तर तो हिच्या कामाचा नाही.
हिची सगळी विद्या न चिकटण्याची.
थेंबाथेंबांमधून पाय कसा टाकायचा
हे कुणी शिकवलं नसणार.
चुकल्या त्या तिथेच राहिल्या, एवढंच.

ती किडा खाते. माशी खाणाऱ्याला खाते.
मीही आधी तिला फुकटी म्हटलं.
पण किडे फार झाले की झाडाचाच रस ओढतात,
घरात कुणीतरी मोजणारं लागतं.

मग त्या डिसेंबरात आग उतरली.
गवताची छपरं, एकाला एक लागलेली.
मीटाने चामडं शिवायचं यंत्र ओढ्यात ढकललं,
तेवढंच वाचलं.
वर झुडूप नाही, किडा नाही, कोळीण नाही.
दगड मात्र तडकत राहिले दोन दिवस.

इथे पाऊस थंडीत येतो.
राखेतल्या बियांना उठायला धूर लागतो म्हणे,
धूर तर भरपूर झाला होता.
दुसऱ्या वर्षी बोटभर रोपं,
पानं इवली, पण चिकट,
आणि त्यांवर माशा, तशाच्या तशा, वाळलेल्या.
भरल्या ताटावर उपाशी बसलेलं झाड
मीटाने तेव्हा पाहिलं.
ती स्वतः तेव्हा तंबूत राहत होती.

किडे तिसऱ्या वर्षी आले. कुठून, कोण जाणे.

पाचव्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या नव्या छपराखालून निघून
मीटा फांदी आणायला वर गेली.
विळा लावणार, तोच फुलाच्या देठाशी दिसली,
पाय फाकून बसलेली,
मागे एक धागा अजून हवेत.
जाळं नसलेलीचा तेवढाच धागा,
त्याला धरून आली असेल, जळक्या डोंगरांवरून.

फांदी न तोडता मीटा खाली आली.
अपीला म्हणाली, "वरची शेजारीण परतली."

रात्री जेवताना माशा फार होत्या.
अपी म्हणाला, दुकानात पिवळी पट्टी मिळते, चिकट,
टांगली की झालं.

"आण," ती म्हणाली, ताटावरचा हात हलवत.
"पण तिच्यावर कुणी राहायला येणार नाही."